वाचकांचे प्रश्न : श्वास द्यायचा की नुसती छाती दाबायची?

प्रश्न : आम्ही पर्यटनाच्या हंगामात गुहागरच्या किनाऱ्यावर राखण करतो. एका शिबिरात सांगितलं, ‘तोंडाने श्वास देऊ नका, नुसती छाती दाबा, आता तसं सिद्ध झालंय.’ दुसऱ्या शिबिरात सांगितलं, ‘बुडालेल्याला आधी श्वास द्या.’ गावातली जाणती माणसं म्हणतात, आधी पालथा घालून पाणी काढा. खरं काय धरायचं?

उत्तर : दुसरं शिबिर बरोबर. पहिल्या शिबिरात सांगितलेलं संशोधन खोटं नाही, पण ते कोणावर झालं हे सांगायचं राहून गेलं.

2010 साली दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एक स्वीडनमधली, दुसरी अमेरिका आणि लंडनमधली. रुग्णवाहिकेसाठी फोन करणाऱ्याला ‘नुसती छाती दाबा’ सांगायचं की ‘श्वासही द्या’, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं जाई. स्वीडनमध्ये 30 दिवसांनी जिवंत असलेले अनुक्रमे 8.7 आणि 7 टक्के. दुसऱ्या चाचणीत रुग्णालयातून घरी गेलेले 12.5 आणि 11 टक्के. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. यातून एवढंच कळतं की अचानक हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाला अनोळखी, न शिकलेल्या माणसाने नुसती छाती दाबली तरी नुकसान होत नाही. श्वास निरुपयोगी आहे, असं त्यात कुठेही नाही. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे बुडालेल्यांना दोन्ही चाचण्यांतून मुद्दाम वगळलं होतं.

वगळण्याचं कारण शरीरात आहे. चालता चालता हृदय बंद पडलं तर रक्तात काही मिनिटं पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो, तो नुसता फिरवला तरी चालतं. बुडालेल्याचा प्राणवायू आधी संपतो आणि त्यापायी हृदय थांबतं. त्याची छाती नुसती दाबणं म्हणजे आटलेल्या विहिरीवर पंप चालवणं.

म्हणून क्रम असा ठेवा. माणसाला भरतीच्या रेषेला समांतर आडवं ठेवा, डोकं आणि पाय एका पातळीत येतील असं. पुळणीवरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत नको. छाती दाबताना अंग खाली रुततं आणि निम्मा जोर वाळू खाते. ओली घट्ट वाळू किंवा होडीची फळी चालेल. कपाळ मागे, हनुवटी वर. श्वास चालू आहे का, हे 10 सेकंदांच्या आत ठरवा. मधूनच घेतलेला घोरल्यासारखा आचका हा श्वास नव्हे. श्वास नसेल तर नाक चिमटून तोंडाने एकेक सेकंदाचे श्वास द्या (किती, ते खाली सांगतो), छाती उचलली जाते का बघत. त्यानंतर 30 वेळा छाती दाबा, मग 2 श्वास, आणि हेच पुढे. खोली 5 ते 6 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दाबणारा दर दोन मिनिटांनी बदला. तो दमला की खोली कमी होते आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. पहिल्याच मिनिटाला दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगा.

सुरुवातीचे श्वास युरोपात 5 सांगतात, अमेरिकेत 2. यावर भांडू नका. 5 आणि 2 यांची समोरासमोर तुलना करून हा आकडा आलेला नाही, तो तज्ज्ञांच्या अंदाजाचा आहे. पथकाने एक ठरवावा आणि तोच घोटावा.

पाणी काढण्याबद्दल : पोट दाबल्यावर जे भळाभळा येतं ते बहुतेक पोटातलं, गिळलेलं पाणी असतं. फुफ्फुसात सहसा त्या मानाने थोडंच गेलेलं असतं आणि ते दाबून निघत नाही. उलट पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं, आणि ज्या मिनिटांत श्वास द्यायचा ती मिनिटं हातची जातात. तोंडातून पांढरा फेस येत राहिला तर पुसत बसू नका, त्यावरूनच श्वास द्या. उलटी झाली तरच कुशीवर वळवून तोंड साफ करा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच, फुफ्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यात आरोग्यसेविका आहे. प्रथमोपचाराच्या शिफारशींपुढे ‘पुरावा अत्यल्प खात्रीचा’ असं लिहिलेलं दिसतं. पुरावाच नाही तर गावात शिकवायचं कशाला?

उत्तर : ‘खात्री कमी’ आणि ‘करू नका’ हे दोन वेगळे शेरे आहेत. 1992 साली स्थापन झालेली ‘इल्कोर’ ही आंतरराष्ट्रीय समिती पुनरुज्जीवनाचा, म्हणजे थांबलेलं हृदय आणि श्वास पुन्हा चालू करण्याच्या उपायांचा पुरावा तपासते तेव्हा खात्रीच्या चार पायऱ्या लावते : उच्च, मध्यम, कमी, अत्यल्प. चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी वरून सुरू होते, नुसती निरीक्षणं खालून. मग गुण कापले जातात : अभ्यासात पक्षपात आहे का, निकाल एकमेकांशी जुळतात का, माणसं कमी होती का, आणि अभ्यास ज्यांच्यावर झाला ते आपल्या रुग्णासारखे होते का. शिफारस ठाम की सौम्य, हे त्यानंतर वेगळं ठरतं. त्यात धोका, खर्च, सोय हे सगळं येतं.

छाती दाबायची की नाही याची चाचणी कोणी घेणार नाही, कारण अर्ध्या माणसांना मरू द्यावं लागेल. त्यामुळे तिथला पुरावा कागदावर कायम कच्चाच दिसणार. 1960 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या संशोधकांनी ही पद्धत मांडली तेव्हा 20 रुग्णांपैकी 14 वाचले होते. पण ते रुग्णालयातले रुग्ण होते, डॉक्टर शेजारी उभे होते. तो 70 टक्क्यांचा आकडा एसटी स्टँडवर कोसळलेल्या माणसाला लावता येत नाही. म्हणून पद्धत काही खोटी ठरत नाही.

एक उदाहरण आपल्याच भागातलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या रुग्णालयात लाल विंचू चावलेल्या 70 रुग्णांचे दोन गट केले : 35 जणांना नुसती प्राझोसिन (रक्तदाब उतरवणारी गोळी), 35 जणांना प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस (विष मारणारं औषध). 10 तासांत लक्षणं गेली ती पहिल्या गटात 8 जणांची, दुसऱ्यात 32 जणांची. 2011 साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं. कोणाला काय दिलंय हे सगळ्यांना माहीत होतं, रुग्णालयही एकच, म्हणून थोडे गुण कापा. पण फरक एवढा मोठा आहे की तेवढ्याने तो पुसला जात नाही. शिवाय रुग्ण आपल्याच मातीतले आणि विंचूही तोच. तुमच्या कामासाठी याचा अर्थ : विंचू चावलेल्याला घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं की विंचू आपोआप उतरतोय का बघत न थांबता रुग्णालयात. प्राझोसिनने रक्तदाब उतरतो, ती घरी द्यायची गोळी नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे सड्यावर फुरशी फार. वाडीत आजवर दोरी आवळूनच माणसं वाचली. मग बांधू नका असं का सांगतात? (देवगड)

उत्तर : वाचली खरी, पण दोरीमुळे वाचली का? चावणारा प्रत्येक साप विषारी नसतो, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष उतरतंच असं नाही. अशा माणसाला दोरी बांधा, मंत्र घाला, काही करू नका, तो वाचतोच. न बांधता वाचलेल्यांचा हिशेब वाडीत कोणी ठेवत नाही, आणि दोरीपायी बोट काळं पडून गेलं तर दोष सापावर जातो. तुलनेला दुसरा गटच नाही, सगळी गोम इथे आहे.

फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकद घालवतं आणि चावल्या जागी सूज आणतं. दोरीने तेच विष तिथे कोंडलं जातं, रक्तपुरवठा तुटतो आणि सोडल्यावर एकदम आत शिरतं. पूर्ण पायाला पट्टी गुंडाळायची ऑस्ट्रेलियन पद्धत 1979 साली माकडांवरच्या प्रयोगांतून आली, तीही तिथल्या सापांच्या विषावर. ते साप नाग-मण्यारच्या कुळातले, फुरसं वेगळ्या कुळातलं. शिवाय पट्टीचा दाब नेमका लागतो, घाईत तो बहुतेकांना साधत नाही.

तेव्हा पाय मोडल्यावर बांधतो तशी काठी लावून हलू देऊ नका. अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा, सुजल्यावर निघत नाहीत. वेळ लिहून ठेवा. चिरू नका, चोखू नका, साप मारायला जाऊ नका : आपल्याकडची प्रतिलस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे. आधीच दोरी बांधून आणलेल्याची दोरी वाटेत सोडू नका, ती डॉक्टरांसमोरच सुटू दे. रुग्णालयात 2 मिलिलीटर रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. तिरपी केल्यावर रक्त वाहिलं तर गोठण बिघडली. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि निकाल फसवतो.

प्रश्न : जेलिफिश लागल्यावर बर्फ की गरम पाणी? (अलिबाग)

उत्तर : निळ्या फुग्याच्या ‘ब्लूबॉटल’साठी गरम पाणी. ऑस्ट्रेलियात 96 जणांवर झालेल्या चाचणीत 45 अंशांच्या पाण्याने 87 टक्क्यांचं दुखणं कमी झालं, बर्फाने 33 टक्क्यांचं. चाचणी एकाच जातीवर झाली, म्हणून सगळ्या जेलिफिशना ती सरसकट लावू नका. धागे समुद्राच्याच पाण्याने धुऊन काढा, वाळूने घासू नका, मग 20 मिनिटं गरम पाणी. व्हिनेगरबद्दल या जातीपुरतं तज्ज्ञांतच एकमत नाही, त्यामुळे त्याच्या शोधात वेळ घालवू नका. पाकटाच्या किंवा शिंगाळ्याच्या काट्यालाही हाच उपाय करतात. तिथे आधार नुसत्या रुग्णांच्या नोंदींचा आहे, पण दुखणं थांबतं आणि धोका फारसा नाही. मात्र काटा खोल, छातीत किंवा पोटात असेल तर उपटू नका. थर्मामीटर नसेल तर पाण्यात आधी आपला, न डसलेला हात घालून बघा. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, आणि चहाच्या टपरीवरचं उकळतं पाणी घेऊन कातडी सोलवून आलेले रुग्ण काही कमी नसतात.