वाचकांचे प्रश्न : तोफा धडधडत असताना भरलेली परिषद

प्रश्न : पहिले महायुद्ध ऐन भरात असताना परस्परांशी लढणाऱ्या देशांतील स्त्रिया एका सभागृहात जमल्या होत्या, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे काय? सरहद्दी बंद असताना त्या तेथे पोहोचल्या कशा, आणि त्यातून निष्पन्न काय झाले? त्या काळी आपल्याकडील स्त्रियांचा अशा परदेशी चळवळींशी काही संबंध आला होता काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. २८ एप्रिल ते १ मे १९१५ या चार दिवसांत नेदरलँड्समधील हेग येथे १२ देशांतील हजाराहून अधिक स्त्रियांची परिषद भरली होती. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया यजमान देशाच्या, म्हणजे डच होत्या, हे मात्र ध्यानात ठेवावे. काही वर्णने वाचून अर्धा युरोप तेथे लोटला होता असा समज होतो, तो खरा नाही.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन त्या वर्षी बर्लिनमध्ये व्हायचे होते. युद्ध सुरू झाल्यावर जर्मन शाखेने आपले निमंत्रण मागे घेतले. तेव्हा डॉ. आलेटा याकोब्स या डच महिला डॉक्टरांनी सुचवले की, आपला देश तटस्थ आहे, तर बैठक आपल्याकडे घ्यावी. संघटनेला हे मानवले नाही, कारण तिच्या अनेक शाखा एव्हाना आपापल्या सरकारांच्या युद्धकार्याला लागल्या होत्या. म्हणून याकोब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघटनेला बाजूला ठेवून वैयक्तिक निमंत्रणे धाडली. अध्यक्षपदासाठी त्यांनी शिकागोच्या समाजसेविका जेन ॲडम्स यांना बोलावले.

पोहोचण्याची कथा परिषदेच्या ठरावांपेक्षा अधिक बोलकी आहे. ब्रिटनमधून सुमारे १८० स्त्रियांनी नावे दिली होती. सरकारने प्रथम त्यांतील २५ च्या आसपास स्त्रियांनाच प्रवासाची परवानगी दिली, आणि मग उत्तर समुद्रातील वाहतूकच बंद केल्यामुळे त्यांनाही बंदरावर ताटकळत बसावे लागले. अखेरीस ब्रिटनच्या तिघीच हजर राहू शकल्या : क्रिस्टल मॅकमिलन आणि कॅथलीन कोर्टनी या आधीच हॉलंडमध्ये दाखल झाल्या होत्या, तर एमेलीन पेथिक-लॉरेन्स अमेरिकेतून अमेरिकन प्रतिनिधींच्या जहाजाने आल्या. ते ‘नूर्दाम’ जहाजही ब्रिटिशांनी डोव्हरजवळ कित्येक दिवस रोखून धरले आणि ॲडम्स व त्यांच्या सोबतिणी परिषद सुरू होण्याच्या जेमतेम आधी पोहोचल्या. जर्मनव्याप्त बेल्जियममधून आलेल्या पाचजणींना झडत्या देत, शेवटचा टप्पा पायी चालून डच सरहद्द गाठावी लागली. सभागृहात त्यांचे स्वागत जर्मनीच्या अनिता आउग्सपुर्ग यांनी केले. जर्मन सैन्याने बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर विषारी वायू सोडला त्याला तेव्हा जेमतेम आठवडा लोटला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या स्वागताचे मोल कळते.

फ्रान्समधून मात्र प्रतिनिधी आल्या नाहीत. आपल्या भूमीवर शत्रूचे सैन्य बसलेले असताना आपण शांततेची भाषा करू शकत नाही, असे तेथील प्रमुख स्त्री-संघटनांनी कळवले. या नकाराची संकुचित राष्ट्रवाद म्हणून बोळवण केली जाते. मला ते न्याय्य वाटत नाही. युद्धाचा दोष कोणाचा आणि ते कसे लढले जात आहे, यांवर चर्चा करायची नाही, असा परिषदेचा नियमच होता. त्या नियमावाचून जर्मन आणि बेल्जियन स्त्रिया एका छताखाली बसू शकल्या नसत्या, हे खरे. पण ज्यांची गावे बेचिराख झाली त्यांना तोच नियम तोंड दाबण्यासारखा वाटला असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा?

परिषदेने २० ठराव संमत केले. युद्ध थांबण्याची वाट न पाहता तटस्थ राष्ट्रांनी अखंड मध्यस्थी चालू ठेवावी, ही त्यांतील मुख्य मागणी होती. तिच्याबरोबर स्त्रियांच्या मताधिकाराचीही मागणी होती. ठराव टपालाने न पाठवता ते हाती घेऊन राज्यकर्त्यांना भेटावे, ही कल्पना हंगेरीच्या रोझिका श्विमर यांची. तिच्यानुसार पुढील काही आठवड्यांत दोन शिष्टमंडळे लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, रोम, पॅरिस, पेट्रोग्राड अशा राजधान्यांत फिरली. परिषदेतील १२ देशांपैकी एकट्या नॉर्वेत त्या वेळी स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत पूर्ण मताधिकार होता. म्हणजे ज्यांना स्वतःच्या देशात मत नव्हते, अशा स्त्रिया पंतप्रधानांना आणि परराष्ट्रमंत्र्यांना भेटत होत्या. एका युद्धमान देशाच्या पंतप्रधानांनी, गेल्या दहा महिन्यांत या खोलीत उच्चारले गेलेले हे पहिलेच शहाणपणाचे शब्द आहेत, असे म्हटल्याची आठवण ॲडम्स यांनी पुढे सांगितली.

आता फलिताविषयी. मध्यस्थीची परिषद कधीच भरली नाही आणि युद्ध नोव्हेंबर १९१८ पर्यंत चालू राहिले. तेव्हा परिषदेने युद्ध रोखले नाही, हे सरळ मान्य करावे. पण हेगला जमलेल्यांनी, युद्ध संपले की पुन्हा भेटायचे, असे ठरवले होते आणि १९१९ च्या मे महिन्यात त्या झ्युरिकला खरोखरच भेटल्या. पराभूत जर्मनीशी करायच्या व्हर्सायच्या तहाच्या अटी नुकत्याच जाहीर झाल्या होत्या. त्या अटी पुढील युद्धाची बीजे पेरणाऱ्या आहेत, असे या स्त्रियांनी तेव्हाच जाहीरपणे सांगितले. ‘शांतता व स्वातंत्र्यासाठी महिलांचा आंतरराष्ट्रीय संघ’ हे नाव तेथेच स्वीकारले गेले, आणि तो संघ आजही कार्यरत आहे. ॲडम्स यांना १९३१ मध्ये, तर युद्धविरोधापायी अध्यापनाची नोकरी गमावलेल्या त्यांच्या अमेरिकन सहकारी एमिली बॉल्च यांना १९४६ मध्ये नोबेल शांतता पुरस्काराचा मान मिळाला.

आपल्या शेवटच्या प्रश्नासंबंधी : हेगच्या परिषदेत भारतीय प्रतिनिधी नव्हत्या. संबंध आला तो मताधिकाराच्या मार्गाने, आणि तोही मुंबईतून. हेराबाई टाटा आपली मुलगी मिठन हिच्यासह १९११ मध्ये काश्मीरला गेल्या असताना त्यांना सोफिया दुलीप सिंग भेटल्या. ब्रिटनमधील चळवळीत काम करणाऱ्या सोफिया यांच्या पोशाखावर ‘स्त्रियांना मत द्या’ अशा अर्थाचा बिल्ला होता, आणि त्याविषयी विचारण्यातून ओळख वाढली. पुढे भारतातील राजकीय सुधारणांच्या आखणीत स्त्रियांना मताधिकार नाकारण्याची शिफारस झाली, तेव्हा या मायलेकी १९१९ मध्ये लंडनला जाऊन संसदेच्या समितीपुढे आपली बाजू मांडून आल्या आणि ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी भाषणे करून त्यांनी पाठिंबा मिळवला. संसदेने निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. १९२१ मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबईने स्त्रियांना मत दिले, परंतु मालमत्तेच्या अटीमुळे ते थोड्यांच्याच वाट्याला आले. मिठनबाईंनी लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले, १९२३ मध्ये त्या बॅरिस्टर झाल्या आणि परतून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या.