वाचक विचारतात : ठोक्याबरोबर ऐरण सरकते

प्रश्न : मी कोल्हापूरच्या उपनगरात राहतो. आजोबांचा गावी लोहारकामाचा धंदा होता. त्या ओढीने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी विळे, खुरपी आणि कोयते घडवायला शिकत आहे. ५० किलोंची जुनी पोलादी ऐरण मिळाली, ती अँगलच्या चार पायांच्या टेबलावर बसवली आहे. प्रत्येक ठोक्याला टेबल थरथरते, तासाभरात ऐरण चार बोटे सरकते, आवाजाने शेजारी वैतागले आहेत आणि माझा खांदा भरून येतो. एक जाणकार बाभळीचा ओंडका जमिनीत पुरायला सांगतात. आपण काय सुचवाल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या ऐरणीत दोष दिसत नाही, दोष तिच्या बैठकीत आहे. अँगलचे हलके टेबल ठोक्यासरशी स्प्रिंगसारखे दबते आणि उसळते, त्यामुळे तापलेल्या लोखंडात उतरायला हवा तो जोर टेबल हलवण्यात खर्ची पडतो, आणि मग आपण नकळत हातोडा अधिक जोराने मारू लागता.

खांद्याच्या दुखण्याला मात्र उंची हे आणखी एक कारण असू शकते. कामाच्या वेळी घालता तेच बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, मूठ वळा आणि बोटांच्या पेरांची जमिनीपासूनची उंची मोजून घ्या. ऐरणीचा माथा साधारण त्याच उंचीला यावा. एखादी पातळ, मऊ लाकडाची फळी ऐरणीवर ठेवून तिच्यावर सवयीने पाच-सहा ठोके मारले, तर याची खातरजमा होते. हातोड्याच्या पलीकडच्या कडेची चंद्रकोर खोल उमटली तर ऐरण सखल आहे, आपल्याकडच्या कडेची उमटली तर ती उंच आहे, आणि पूर्ण गोल ठसा उमटला तर उंची बरोबर जमली आहे. समोर घण मारणारा साथीदार असेल, तर दोन-तीन इंच कमी उंची सोयीची पडते.

ओंडक्याचा सल्ला चुकीचा नाही. पूर्वी लोहार बसून काम करत, तेव्हा ऐरण जमिनीलगत असे आणि तिच्याखालचा ओंडका बराचसा मातीत पुरलेला असे. बाभळीचे लाकूड त्यासाठी उत्तमच; मात्र ते पूर्ण वाळलेले हवे, रेषा उभ्या हव्यात आणि माथ्याजवळ, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसा तापवलेला लोखंडी पट्टा चढवलेला हवा, नाहीतर ओंडका तडकतो. अडचण आहे ती आपल्याकडच्या पावसाळ्याची. ओल्या जमिनीत पुरलेले लाकूड तळातून कुजते, वाळवी लागते, आणि एकदा पुरल्यावर उंची बदलता येत नाही ती वेगळीच.

म्हणून आपल्यासाठी मी वाळूची पेटी सुचवेन. उदाहरणादाखल आपली मुठीची उंची २९ इंच आणि ऐरणीची उंची साडेनऊ इंच धरू. म्हणजे बैठक साडेएकोणीस इंचांवर आली. ५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, आतून १६ इंच लांब, १२ इंच रुंद आणि साडेवीस इंच उंच पेटी वेल्डिंग करून घ्यावी. रुंदी याहून वाढवू नये, कारण मग ऐरणीजवळ उभे राहता येत नाही आणि कमरेतून वाकावे लागते. पेटीत साडेसोळा इंचांपर्यंत कोरडी वाळू धुमसून भरावी, तिच्यावर ३ इंच जाडीची बाभळीची किंवा चिंचेची सैलसर बसणारी फळी ठेवावी आणि फळीवर ऐरण ठेवावी. पेटीची कड फळीच्या वर इंचभर राहते. त्या कडेच्या आधाराने ऐरणीच्या चारी बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या की ती सरकत नाही. वाळूच ७५ ते ८० किलो भरते आणि ऐरणीसह सगळे वजन १७० किलोंच्या आसपास जाते. पेटी जिथे ठेवायची तिथेच भरावी, हे सांगायला नको. तरी भरलेली पेटी ढकलत बसलेले लोक मी पाहिले आहेत. फरशी उंचसखल असेल तर पेटीच्या तळाला प्लेटचे तीनच तुकडे पायांसारखे लावावेत, म्हणजे ती डुगडुगणार नाही.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतली वापरलेली वाळू फुकट मिळते म्हणून आणू नये. तिच्यातल्या बेंटोनाइट मातीमुळे ती ओल धरते आणि पत्रा गंजतो, शिवाय तिची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. धुतलेली क्रश सँड उन्हात वाळवून वापरावी.

वाळू कंप जिरवते, त्यामुळे आवाज बराच उतरेल. उरलेली खणखण कमी करण्यासाठी ऐरणीच्या कमरेला जाड साखळी घट्ट गुंडाळावी किंवा शिंगाच्या, म्हणजे निमुळत्या टोकाच्या, विरुद्ध टोकाखाली जुन्या स्पीकरमधले चुंबक चिकटवावे. कानात इअरप्लग तरीही घालावेत.

पहिल्या आठवड्यात वाळू अर्धा-पाऊण इंच बसेल. तेव्हा ऐरण आणि फळी उचलून तेवढी वाळू वाढवावी, आणि मगच पाचरी कायमच्या ठोकाव्यात.