लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) बरा होऊन बारा वर्षं झाली, पाळी नियमित आहे. मूल होईल का? संबंधांच्या वेळी दुखतं ते केमोमुळे का?

मी डॉक्टर नाही. विशीत ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेली बाई आहे, आणि तुमचे दोन्ही प्रश्न माझेही होते.

आधी मुलाचं. नुसत्या नियमित पाळीवर विसंबून राहू नका. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. केमोत त्यातला काही भाग जातो आणि उरलेल्या बीजांवर पाळी चालू राहते, पण साठा लवकर संपू शकतो, कधीकधी तिशीतच. किती गेला हे औषधांवर ठरतं. हॉजकिन या प्रकारच्या लिम्फोमाला बहुतेकदा देतात त्या एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोने तुलनेने कमी नुकसान होतं. सायक्लोफॉस्फमाइड किंवा प्रोकार्बाझीन ही केमोची औषधं मोठ्या डोसमध्ये दिली असतील, ओटीपोटावर रेडिएशन झालं असेल, तर बरंच जास्त. म्हणून जुनी डिस्चार्ज समरी शोधा. औषधांची नावं आणि एकूण डोस घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, एएमएचची (बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणाऱ्या हार्मोनची) रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. एएमएच कमी आलं तर खचू नका. हाताशी वेळ कमी आहे एवढंच ते सांगतं, दिवस राहणारच नाहीत असं नाही. मूल इतक्यात नको असेल तर एग फ्रीझिंगचा (स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याचा) विषय त्याच भेटीत काढा.

डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध किंवा छातीवर रेडिएशन घेतलं असेल तर दिवस राहण्याआधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी कराच, कारण या दोन्हींनी हृदय कमकुवत झालेलं असू शकतं आणि गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो. बाळात व्यंग येईल ही भीती मात्र मनातून काढा. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांच्या मुलांवर मोठे अभ्यास झालेत, त्यांत तसा धोका वाढलेला दिसला नाही.

आता दुखण्याबद्दल. ट्रान्सप्लांटनंतर माझे बीजकोश बंदच पडले. इस्ट्रोजेन गेलं की योनीची त्वचा कोरडी, पातळ होते. त्यात ट्रान्सप्लांटमध्ये मिळालेल्या डोनरच्या पेशींनी माझ्याच शरीरावर हल्ला करून तिथेही त्रास दिला, ज्याला जीव्हीएचडी म्हणतात. लघवीला आग, नुसता हात लागला तरी सोलल्यासारखं. दर भेटीत हिमोग्लोबिन, प्लेटलेट पाहिले जायचे, हे कुणी विचारायचं नाही. शेवटी डॉक्टर फाइल मिटत होते तेव्हा मीच म्हटलं, ‘संबंध ठेवताना मला फार दुखतं.’ त्यांनी तिथल्या तिथे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली. हार्मोनच्या गोळ्या, योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम, जीव्हीएचडीसाठी स्टेरॉइड मलम, संबंधांच्या वेळी ल्युब्रिकंट. काही महिन्यांनी खरंच फरक पडला.

तुमची पाळी चालू आहे, त्यामुळे कारण वेगळंही असेल: इन्फेक्शन, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), नैराश्याच्या गोळ्यांनी आलेला कोरडेपणा. तपासल्याशिवाय केमोवर खापर फोडू नका, आणि माझं वाचून क्रीमही आणू नका. तोवर दुखत असताना रेटून नेऊ नका, जोडीदाराला तसं स्पष्ट सांगा. दुखेल या धास्तीने स्नायू आवळले जातात आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं.