'कॉन्ट्रेरियन इन्व्हेस्टर'ला मराठीत काय म्हणावं?

म्हापशाच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'कॉन्ट्रेरियन इन्व्हेस्टर'ला, म्हणजे बहुतेकांच्या मताविरुद्ध पैसे गुंतवणाऱ्याला, 'प्रवाहाविरुद्ध पोहणारा गुंतवणूकदार' म्हटलं तर चालेल का? आणि नावाने माणसाच्या विचारात काही फरक पडतो का?

चालेल, पण मला ते पटत नाही. हा माणूस सतत उलटा पोहत नसतो. बहुतेक काळ तो चारचौघांसारखाच असतो. सगळ्यांचं एकमत होऊन भाव टोकाला गेला की मग वेगळा होतो. 'विरोधी' हे बिरुद स्वतःला एकदा चिकटवून घेतलं, की लोक हो म्हणाले म्हणून आपण नाही म्हणायचं, ही खोड लागते. मग तोही लोकांच्याच तोंडाकडे बघून ठरवू लागतो. 'मंदीवाला', म्हणजे भाव पडणारच असं धरून चालणारा, हे नाव तर साफ चूक. सगळे मंदीवाले झालेले असताना हाच तेजीवाला असतो.

फरक पडतो तो क्रियापदांनी. काजूचा, नारळाचा भाव 'उतरतो'. शेअर मात्र 'पडतो', बाजार 'कोसळतो' आणि एकही शेअर न विकता पैसे 'बुडतात'. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के खाली आला. त्या संध्याकाळी 'बुडालो' म्हणणाऱ्याला फक्त बाहेर पडायची वाट हवी होती. 'भाव उतरला' म्हणणाऱ्याला निदान काय घ्यायचं याची यादी काढून बसणं सुचलं असतं. घटना तीच, पण पुढचा प्रश्न क्रियापदच ठरवतं.

आपल्याकडे गोव्यात याला फार जवळचा शब्द आहे: सुकती. ओहोटीला आपण सुकती म्हणतो, आणि तिसऱ्या, खुबे असे शिंपले काढायला माणसं सुकतीलाच नदीत उतरतात. म्हणून बोलताना मी 'सुकतीचं गिऱ्हाईक' म्हणेन.

मात्र या शब्दातही एक समजूत दडलेली आहे, आणि ती घातक आहे. सुकतीनंतर भरती ठरल्या वेळी येतेच. शेअरला असं पंचांग नाही. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. 'ही सुकती आहे, भरेल पुन्हा' असं धरून कुणी तेव्हा खनिजाचे ट्रक, बार्ज स्वस्तात घेतले असते, तर त्याला शब्दानेच फसवलं असतं. तिथे मागणी ओसरली नव्हती, खोदायचा हक्कच गेला होता. याउलट, जॉन टेम्पलटन या अमेरिकेतल्या नामांकित गुंतवणूकदाराने १९३९ मध्ये, युद्धाच्या धास्तीत, एक डॉलरच्या आत मिळणारे १०४ कंपन्यांचे शेअर उसन्या पैशांनी घेतले. त्यातल्या काही दिवाळखोरीतल्याही होत्या. भरती प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही हे धरूनच इतक्या ठिकाणी पैसे विभागले, असं मला त्या १०४ आकड्यातून दिसतं.

लेखात वापरायचा असेल तर 'बहुमताविरुद्ध गुंतवणूक करणारा' असं सरळ लिहा. लांब आहे, पण नेमकं आहे. 'प्रतिगामी' मात्र टाळा. त्याचा अर्थ राजकारणाने केव्हाच ठरवून टाकला आहे.