बदकांच्या शेडमधला उग्र वास आणि घटलेली अंडी

प्रश्न : आमच्याकडे खाकी कॅम्पबेल जातीची ८० बदके आहेत. पावसाची झड आत येऊ नये म्हणून रात्रीच्या शेडला चारही बाजूंनी ताडपत्री बांधली आहे. आता पहाटे शेड उघडताना डोळे चुरचुरतात, काही बदकांच्या डोळ्यांतून फेस येतो आणि अंडीही कमी झाली आहेत. हा हवेचा परिणाम असेल का? वास जाण्यासाठी जमिनीवर चुना टाकावा का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : हवेचा परिणाम असण्याची शक्यता मोठी आहे. बदकांची विष्ठा कोंबड्यांपेक्षा बरीच पातळ असते; त्यात पिण्याचे पाणी सांडून जमिनीवर अंथरलेले तूस भिजले आणि वरून हवा कोंडली, की विष्ठेतील युरिक आम्लापासून जिवाणू अमोनिया वायू तयार करतात. पक्ष्यांच्या शेडमध्ये या वायूचे प्रमाण २५ पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या) आत असावे आणि १०च्या खाली राहिल्यास उत्तम, असे मानले जाते. माणसाचे डोळे चुरचुरू लागतात तेव्हा ही मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. शिवाय बदक रात्रभर तुसावरच बसते, त्यामुळे उभ्या माणसाला जाणवते त्याहून तीव्र हवा त्याच्या श्वासात जाते. म्हणून पहाटे आत शिरताच, नाक सरावण्याआधी, खाली बसून वास घ्यावा.

अमोनियामुळे श्वासनलिकेतील धूळ व जंतू बाहेर लोटणारे सूक्ष्म केस निकामी होतात आणि श्वसनरोगांना वाट मिळते. पक्ष्याचे खाणेही कमी होते. वर्षाला ३००च्या आसपास अंडी देऊ शकणाऱ्या जातीत त्याचा परिणाम अंड्यांवर लगेच दिसतो. बदके बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या दरम्यान, म्हणजे याच कोंडलेल्या हवेत घालतात. ती तिथे पडून राहिल्यास आतला पांढरा बलकही पातळ होऊ लागतो.

ओल्या तुसावर चुना मात्र टाकू नये. चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे विष्ठेत धरून राहिलेला अमोनिया उलट अधिकच बाहेर पडतो. त्याऐवजी ओले तूस काढून कोरडे पसरावे आणि ताडपत्री खालून वर अशी बांधावी, की छपराखाली हातभर पट्टा कायम उघडा राहील. तिथून पाऊस येत असेल तर पागोळ्या पुढे न्याव्यात. पिसांमुळे प्रौढ बदकाला आपल्याकडच्या गारव्याचा त्रास होत नाही; झाकाझाकीची ही काळजी आपल्याच मनातली असते. पाण्याची भांडी निचरा असलेल्या कोपऱ्यात जाळीवर ठेवावीत. रात्री पाणी काढणार असाल तर खाद्यही काढावे, कारण पाण्याशिवाय बदकाला खाद्य गिळणे कठीण जाते. दिवसा मात्र डोके पूर्ण बुडेल इतके, १२ ते १५ सेंटिमीटर खोल पाणी हवेच. डोळे स्वच्छ ठेवण्याचा बदकाचा तोच उपाय आहे.

नवे तूस कुबट वासाचे किंवा बुरशी धरलेले असेल तर ते मुळीच वापरू नये, कारण बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जाऊन अमोनियापेक्षाही घातक ठरू शकतात. खाद्याची पोतीही याच वेळी तपासावीत. दमट खाद्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष बदकांना कोंबड्यांपेक्षा फार लवकर बाधते आणि त्यानेही अंडी घटतात. तसेच अंडी देणाऱ्या बदकांना रोज १४ ते १६ तास उजेड लागतो; ढगाळ दिवसांत तो कमी पडत असल्यास सकाळ-संध्याकाळ दिवा लावावा. चोच उघडी ठेवून श्वास घेणारे बदक दिसल्यास ते वेगळे ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे.