वाचकांचे प्रश्न : साचा तोच, मग हसू कमी का?

प्रश्न : आमच्या घरी 'बेस्ट इन शो' सगळ्यांचा लाडका. म्हणून क्रिस्टोफर गेस्टचाच 'मॅस्कॉट्स' नेटफ्लिक्सवर लावला. पुन्हा तेच, एक स्पर्धा, तऱ्हेवाईक स्पर्धक, कॅमेऱ्यासमोर मुलाखती, शेवटी बक्षीस. भाऊ म्हणतो दिग्दर्शक स्वतःचीच कॉपी मारतोय. मला ते पटत नाही, पण हसू कमी आलं हे खरं. कमी पडलं तरी काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या भावाचं निरीक्षण बरोबर आहे पण साच्याला दोष द्यायला माझं मन तयार नाही. १९९६ चा 'वेटिंग फॉर गफमन', २००० चा 'बेस्ट इन शो', २००३ चा 'अ मायटी विंड', या तिन्हींचा साचा एकच आहे हो, खोटाखोटा माहितीपट, आणि तिन्ही मस्त आहेत! छोट्या गावातलं हौशी नाटक असो, कुत्र्यांचा शो असो की जुन्या लोकगायकांची मैफल, जगाला ज्याची फिकीर नाही अशा गोष्टीवर जीव टाकणारी माणसं गेस्ट शोधतो आणि त्यांच्याकडे प्रेमाने बघतो. २०१६ च्या 'मॅस्कॉट्स'मध्ये खेळाच्या मैदानावर प्राण्याबिण्यांचे जाडजूड ड्रेस घालून नाचणारे लोक आहेत, म्हणजे विषय त्याच्याच घरचा.

माझ्या मते घोळ होतो तो चेहऱ्यांचा. 'बेस्ट इन शो'त स्पर्धेत उतरतो कुत्रा आणि मालक बाजूला उभा, त्यामुळे ऐन मोक्याच्या क्षणी त्याच्या तोंडावरचं टेन्शन, हेवा, आशा सगळं आपल्याला दिसतं. इथे ऐन स्पर्धेत माणूसच ड्रेसच्या आत गडप. मुलाखतीत ज्याच्याशी आपली ओळख झाली तो स्टेजवर आला की दिसतो फक्त भलामोठा हेजहॉग (साळिंदरासारखा काटेरी पण छोटा प्राणी) किंवा खवल्यांच्या कवचाचा अर्माडिलो. नाच चांगले बसवलेत, टॉम बेनेटचा हेजहॉग तर मला मनापासून आवडला, बापजाद्यांपासून चालत आलेलं काम आहे त्याचं आणि तो ते किती निष्ठेने करतो! पण सिनेमाचे दोन तुकडे पडतात, आधी बोलणं मग नाच, आणि एकातला जोर दुसऱ्यात उतरत नाही.

दुसरं म्हणजे भांडणारं जोडपं. 'बेस्ट इन शो'त पार्कर पोझी आणि मायकेल हिचकॉक यांच्या कुत्रीचं मधमाशीचं खेळणं हरवतं, पोझी दुकानात जाते, दुकानदार तिला मधमाशीचा ड्रेस घातलेलं अस्वल दाखवतो आणि ती त्याच्यावर जी काय उखडते, एका खेळण्यापायी अख्खा संसार उघडा पडतो तिथे. 'मॅस्कॉट्स'मध्येही एकमेकांवर धुसफुसणारे नवरा-बायको आहेत पण त्यांच्या भांडणाला असं काही हाताशी धरायला मिळत नाही, नुसतीच कुरबुर राहते.

आणि गेस्टच्या आधीच्या सिनेमांतले यूजीन लेव्ही, कॅथरिन ओ'हारा दोघंही 'मॅस्कॉट्स'मध्ये नाहीत, ही उणीव फार मोठी आहे. लेव्ही नुसता नट नव्हता, आधीचे ते तिन्ही सिनेमे त्याने गेस्टबरोबर लिहिलेत, इथे सहलेखक जिम पिडॉक आहे. 'अ मायटी विंड'मध्ये हे दोघं वर्षांनुवर्षं दुरावलेली जोडी होऊन स्टेजवर येतात, गाण्यात चुंबनाची जागा येते, पूर्वी ते तिथे खरंच चुंबन घ्यायचे, आता घेतील का म्हणून बाकीचे गायक विंगेत येऊन श्वास रोखून बघत राहतात. ते गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. हसता हसता घसा दाटून येतो तो अशा ठिकाणी, आणि तसं ठिकाण 'मॅस्कॉट्स'मध्ये मला सापडलं नाही. गफमनमधला नाटक बसवणारा कॉर्की, म्हणजे गेस्ट स्वतःच, २० वर्षांनी परत येतो, बघून बरं वाटतं, पण जुन्या ओळखीचा आनंद तो, सिनेमाला त्याने काही पुढे नेलं नाही.

प्रश्न : गेस्टच्या सिनेमात नट खरंच मनाचं बोलतात का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हो, खरंच. पात्राचा इतिहास आणि प्रसंगात काय घडणार हे लिहून ठेवलेलं असतं, संवाद मात्र नट कॅमेऱ्यासमोरच रचतात, म्हणून वाक्यं अडखळतात, एकमेकांवर चढतात, खरी वाटतात. शूट केलेलं ढीगभर असतं, त्यामुळे सिनेमा खरा घडतो तो एडिटिंगच्या टेबलावर. फ्रेड विलार्ड यात उस्ताद माणूस, 'बेस्ट इन शो'त कुत्र्यांतलं ओ की ठो न कळणारा समालोचक त्याने असा काही रंगवलाय की शेजारी बसलेल्या जाणकाराची दया येते.

प्रश्न : सुरुवात कशापासून करू? – एक वाचक, मडगाव

उत्तर : 'बेस्ट इन शो'पासून, डोळे झाकून. मग 'अ मायटी विंड'. त्यानंतर मागे जाऊन १९८४ चा 'धिस इज स्पायनल टॅप' बघा, एका रॉक बँडवरचा खोटाखोटा माहितीपट, तो रॉब रायनरने दिग्दर्शित केलाय, गेस्ट त्यात गिटारवाला आहे आणि लेखकांतही आहे, या सगळ्याचं मूळ तिथेच आहे. 'मॅस्कॉट्स' शेवटी ठेवा, पण टाळू नका, त्या हेजहॉगसाठी तरी बघाच.