रविवारची रात्र दिरांची

अगं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे रात्री चारदा उठणं आलं. मी अकरा महिने एकटीने केलं. कंबर धरली तेव्हा कुठे तोंड उघडलं. आता तूही तुझ्या सासूबाईंचं एकटीनेच करतेयस, पण तू तेवढी थांबू नकोस. दिरांना 'जमेल तेव्हा या' म्हणू नकोस, ते कधीच जमत नाही. 'शनिवार-रविवारची रात्र तुमची' असं सांग आणि डायपर, एअर बेडचा पंप, गोळ्यांची डबी दाखवून ठेव. नणंदबाई फोनवरून सूचना देतीलच. त्यांना म्हण, रात्रीच्या मावशींचा निम्मा पगार पाठवा. आई-वडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलांवर टाकणाऱ्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलं म्हणजे मुलगा, मुलगी, नातवंडं; सुनेचा त्यात उल्लेखच नाही. भांडणात काढू नकोस, मनात असू दे. पहिल्यांदा बोलताना आवाज कापेल. माझा तर चहाच सांडला होता, दिरांच्या पँटवर.